सर्व्हरची माहिती देणारं टूल एआय एजंटसाठी कसं डॉक्युमेंट करायचं: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

टूल चांगलं चालतंय, आकडे बरोबर येतायत, तरी एजंट, म्हणजे अशी टूल्स स्वतः चालवून उत्तर देणारं एआय, चुकीचं उत्तर देतो, ही तक्रार मी सतत ऐकतो आणि फाईल उघडून बघितलं की टूलच्या डिस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे एजंट टूल निवडताना वाचतो त्या मजकुरात, एकच ओळ असते, "सर्व्हरची माहिती देते". बस. माणसाला तेवढं पुरतं, कारण त्याला काही अडलं तर तो शेजारच्या टेबलवर विचारतो. एजंट विचारत नाही, तो गृहीत धरतो आणि पुढे जातो.

आमच्याकडे घडलेलं सांगतो. ८ जीबी रॅमचा लिनक्स सर्व्हर, टूलने दिलं "फ्री: २१० एमबी". एजंटने लगेच सांगितलं की मेमरी संपत आलीय, डेटाबेस रीस्टार्ट करा, आणि ड्युटीवरच्या मुलाने भर दुपारी खरंच रीस्टार्ट केला. प्रत्यक्षात त्या मशीनवर ५ जीबीच्या वर मेमरी वापरायला मोकळी होती, कारण लिनक्स रिकामी रॅम फाईल कॅशला वापरतो आणि गरज पडली की सोडतो. "फ्री" आणि "अव्हेलेबल" यातला फरक डॉक्युमेंटमध्ये एका ओळीत लिहिलेला असता तर ते टळलं असतं. आकडा खोटा नव्हता, त्याचा अर्थच कुठे लिहिलेला नव्हता.

खाली उदाहरण म्हणून एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या एआयला टूल्स जोडायच्या ठरीव पद्धतीवर चालणारं, लिनक्स मशीनची माहिती देणारं टूल घेतलंय. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने टूल जोडत असाल तरी क्रम हाच. टूलची आणि फील्डची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, तुमच्या फाईलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत असतील.

आधी तयारी, लिहायला नंतर बसा

बहुतेक जण इथेच घसरतात. कोड उघडतात, फंक्शनवरची कॉमेंट उचलतात आणि डिस्क्रिप्शनमध्ये चिकटवतात. ती कॉमेंट कोड लिहिणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेली असते. त्याऐवजी आधी एवढं गोळा करा:

- टूल किमान तीन ठिकाणी चालवून आलेलं आउटपुट जसंच्या तसं सेव्ह करा: एक निवांत मशीन, एक चांगलं लोड असलेलं मशीन आणि एक कंटेनर, म्हणजे मशीनच्या आत वेगळा करून चालवलेला प्रोग्रॅम.
- मुद्दाम बिघडवून आलेलं आउटपुट. चुकीचं होस्टनेम द्या, परवानगी काढून घ्या, नेटवर्क तोडा.
- लोक खरंच विचारतात असे दहा-बारा प्रश्न, त्यांच्याच शब्दात. "डिस्क किती उरलीय", "रात्री रीस्टार्ट झाला का", "हा इतका स्लो का झालाय". टीमच्या चॅट ग्रुपमध्ये मागे गेलात की सापडतात.
- प्रत्येक आकडा नक्की कुठून येतो ते. मेमरी थेट लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधल्या मेमइन्फो फाईलमधून येते की कुठल्या लायब्ररीतून, डिस्कचा आकडा जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडचा की दुसरा कशाचा.

तपासा: एखादं फील्ड कुठून येतं हे टीममध्ये कुणालाच सांगता येत नसेल, तर ते फील्ड आत्ताच आउटपुटमधून काढा. ज्याचा अर्थ तुम्हाला लिहिता येत नाही त्याच्यावर एजंटने निर्णय घेऊ नये.

पायरी १: नाव ठरवा, कारण "सर्व्हर" हा शब्दच गोंधळाचा आहे

हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. एमसीपीमध्ये जो प्रोग्रॅम टूल पुरवतो त्यालाच सर्व्हर म्हणतात, आणि जोडणी होताना तो स्वतःचं नाव-व्हर्जन "सर्व्हरइन्फो" नावाच्याच फील्डमध्ये पाठवतो. त्यात तुमच्या टूलचं नाव "गेट_सर्व्हर_इन्फो". आता युजरने विचारलं "सर्व्हरचं व्हर्जन काय आहे", तर तो काय विचारतोय? एमसीपी सर्व्हरचं, लिनक्सचं, एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं की पोस्टग्रेस डेटाबेसचं? माणूससुद्धा गोंधळेल.

म्हणून नावात वस्तू स्पष्ट आणा. "लिनक्स_होस्ट_स्टेटस" हे नाव "सर्व्हर_इन्फो" पेक्षा कितीतरी बरं. क्रियापद फक्त वाचण्याचं ठेवा. "चेक" किंवा "मॅनेज" असलं काही लिहिलंत की एजंटला वाटतं हे टूल दुरुस्तीही करेल. आणि तुमच्या सेटअपमध्ये दोन एमसीपी सर्व्हर एकाच नावाचं टूल देत नाहीत ना, तेही आत्ताच बघून घ्या.

पायरी २: डिस्क्रिप्शन लिहा, पण याच क्रमाने

क्रम असा ठेवा: काय देतं, कधी वापरायचं, कधी वापरायचं नाही, माहिती किती ताजी असते, आणि मशीनवर काही बदल होतो का. पहिलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण वीस-तीस टूल्सच्या यादीतून आपलं टूल निवडलं जाणं मोठ्या प्रमाणात त्याच्यावर ठरतं.

असं नको: "सर्व्हरची सविस्तर माहिती मिळवण्यासाठी एक शक्तिशाली टूल."

असं हवं: "एका लिनक्स मशीनची या क्षणाची मेमरी, डिस्क, लोड आणि अपटाइम देते. मशीन स्लो आहे, डिस्क भरली का, कधी रीस्टार्ट झालं अशा प्रश्नांसाठी वापरा. कालचे किंवा मागच्या आठवड्यातले आकडे यात मिळत नाहीत. डेटाबेसच्या आतली माहिती, लॉग आणि वेबसाइट चालू आहे की नाही हे यात मिळत नाही. फक्त वाचते, मशीनवर काहीही बदलत नाही. आकडे कॉल केल्याच्या क्षणी वाचले जातात."

"कधी वापरायचं नाही" हा भाग लोक हमखास गाळतात आणि मग एजंट "साइट उघडत नाहीये" या प्रश्नावर रॅमचा आकडा घेऊन येतो. पर्यायी टूल असेल तर तिथेच त्याचं नाव द्या, म्हणजे "जुन्या आकड्यांसाठी अमुक टूल वापरा" असं. पण ते टूल खरंच जोडलेलं आहे याची खात्री करूनच, नाहीतर एजंट नसलेल्या टूलच्या मागे लागतो.

थांबा: कौतुकाचे शब्द सगळे काढा. "सविस्तर", "प्रगत", "वेगवान" यातून एजंटला काहीच कळत नाही. आणि डिस्क्रिप्शन म्हणजे पानभर निबंधही नको, ते प्रत्येक संभाषणात मॉडेलसमोर जातं, त्याचे टोकन, म्हणजे मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे, लागतात, आणि लांबलं की कामाची ओळ आत बुडते.

पायरी ३: इनपुट, आणि डिफॉल्टचा धोका

प्रत्येक पॅरामीटरला प्रकार, चालणाऱ्या किमती, एक खरं उदाहरण आणि न दिल्यास काय होईल, हे चारही लिहा. मोजके पर्याय असतील तर स्कीमात, म्हणजे इनपुटच्या ठरवून दिलेल्या आराखड्यात, ठरीव यादीच द्या. "सेक्शन" मध्ये मेमरी, डिस्क, लोड, अपटाइम एवढेच चालत असतील आणि तुम्ही नुसतं "स्ट्रिंग" लिहिलंत, तर एजंट कधी "रॅम" पाठवेल, कधी "स्टोरेज".

सगळ्यात घातक म्हणजे होस्टनेमचा डिफॉल्ट. कित्येक टूल्समध्ये होस्ट दिलाच नाही तर ज्या मशीनवर टूल चालतंय त्याचीच माहिती येते. युजर विचारतो प्रॉडक्शनबद्दल, एजंट होस्ट द्यायला विसरतो, उत्तर येतं कुणाच्या तरी लॅपटॉपचं, आणि आकडे चांगले दिसतायत म्हणून कुणाला संशयही येत नाही. होस्ट सक्तीचा करा. त्याच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहा: "युजरने मशीनचं नाव सांगितलं नसेल तर अंदाज करू नका, आधी त्याला विचारा." आणि आउटपुटमध्ये सगळ्यात वर, माहिती कुठल्या मशीनची आहे ते परत छापा. मी हे प्रत्येक टूलमध्ये करतो, अपवाद नाही.

तपासा: स्कीमात नसलेलं एखादं जास्तीचं पॅरामीटर पाठवून बघा. टूलने ते गुपचूप गिळलं तर ते बंद करा, जास्तीची फील्ड्स नाकारण्याची सोय जेसन स्कीमामध्ये आहे.

पायरी ४: आउटपुटचा प्रत्येक आकडा समजावून लिहा

इथे निम्मा वेळ घालवा. घाई अजिबात नको. नवीन एमसीपीमध्ये आउटपुटसाठीही वेगळा स्कीमा देता येतो, तुमच्या क्लायंटला, म्हणजे एजंट ज्या ॲपमध्ये चालतो त्याला, चालत असेल तर तो द्याच. क्लायंट मात्र तो मॉडेलला दाखवेलच असं नाही, त्यामुळे युनिट फील्डच्या नावातच घाला: "मेमरी_अव्हेलेबल_बाइट्स", "अपटाइम_सेकंद". नुसतं "मेमरी: ८१९२" लिहून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

*मेमरी.* मेमइन्फो फाईलमध्ये आकड्यापुढे केबी लिहिलेलं असतं पण ते १०२४ बाइट्सचे असतात, १००० चे नाही. टूलने एकदाच बाइट्समध्ये बदलून द्यावं हे उत्तम. "फ्री" शक्यतो देऊच नका, आणि द्यायचंच असेल तर शेजारी लिहा: "मेमरी कमी आहे का हे ठरवायला हे फील्ड वापरू नका, अव्हेलेबल वापरा." अव्हेलेबल म्हणजे स्वॅपमध्ये (रॅम कमी पडली की वापरतात ती डिस्कवरची जागा) न जाता नवीन कामाला मिळू शकेल अशी अंदाजे मेमरी, हे वाक्यही टाका.

*लोड.* लोड म्हणजे चालू असलेल्या किंवा सीपीयूची वाट बघणाऱ्या कामांची सरासरी संख्या. तीन आकडे येतात, १, ५ आणि १५ मिनिटांचे. ते टक्के नाहीत. हे लिहिलंच पाहिजे, कारण "लोड ६" बघून एजंट "फक्त ६ टक्के" म्हणताना मी स्वतः पाहिलंय. ४ कोअरच्या मशीनवर ६ म्हणजे कामं रांगेत ताटकळतायत, ३२ कोअरवर ६ म्हणजे काहीच नाही. म्हणून लोडबरोबर कोअरची संख्या त्याच आउटपुटमध्ये द्या, वेगळा कॉल करायला लावू नका. अजून एक, लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कची वाट बघत अडकलेली प्रोसेससुद्धा मोजली जाते. म्हणजे लोड भरमसाठ आणि सीपीयू मात्र रिकामा, असं होऊ शकतं. एवढी एक ओळ नसेल तर एजंट सीपीयू वाढवायचा सल्ला देऊन मोकळा होतो आणि दुखणं डिस्कचं असतं.

*डिस्क.* इथे तीन गोष्टी. पहिली, लिनक्सची एक्स्ट४ फाईलसिस्टिम बनवताना साधारण ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मुख्य ॲडमिन युजरसाठी, राखून ठेवली जाते, त्यामुळे एकूणमधून वापरलेली वजा केली तर उरलेल्याशी जुळत नाही. १ टीबीच्या डिस्कवर हा फरक ५० जीबीच्या घरात जातो आणि एजंट "५० जीबी गायब आहेत" म्हणून शोधत बसतो. लिहा: "उरलेली जागा अव्हेलेबलमध्येच बघा, वजाबाकी करू नका." दुसरी, आयनोड, म्हणजे प्रत्येक फाईलमागे लागणारी नोंद. जागा शिल्लक असूनही आयनोड संपले की नवीन फाईल बनत नाही आणि एरर मात्र "डिस्कवर जागा नाही" हाच येतो. लाखो बारीक सेशन फाईल्स साठलेल्या जुन्या वेब सर्व्हरवर हे बघायला मिळतं. आयनोडचा वापर आउटपुटमध्ये द्या आणि दोन्ही बघायला सांगा. तिसरी, डिलीट केलेली लॉग फाईल एखाद्या प्रोसेसने उघडी ठेवली असेल तर तिची जागा सुटत नाही, म्हणून फोल्डरची बेरीज आणि डीएफचा आकडा वेगळा येतो.

*वेळ.* वेळेबरोबर टाइमझोन नेहमी द्या. सर्व्हर बऱ्याचदा यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असतात. १२ तारखेला यूटीसी २१:४० ला रीस्टार्ट झालेलं मशीन आपल्याकडे १३ तारखेच्या पहाटे ३:१० ला रीस्टार्ट झालेलं असतं. "काल झाला का" याचं उत्तर इथे तारखेसकट बदलतं. "वेळ यूटीसीमध्ये आहे, युजरला सांगताना त्याच्या टाइमझोनमध्ये बदलून सांगा" असं स्पष्ट लिहा.

*कंटेनर.* डॉकर कंटेनरच्या आत मेमइन्फो वाचलं तर साधारणपणे होस्टची पूर्ण मेमरी दिसते, कंटेनरला घातलेली मर्यादा नाही. कंटेनरला ५१२ एमबी दिलेत आणि टूल दाखवतंय ६४ जीबी, मग प्रोसेस मेमरीवरून मारली गेली तरी एजंट ठामपणे सांगणार की मेमरी भरपूर आहे. मर्यादा सीग्रुपमधून, म्हणजे लिनक्स अशा मर्यादा जिथे ठेवतं तिथून, वाचावी लागते. अपटाइमचंही तेच, कंटेनर आज सकाळी सुरू झाला तरी आकडा होस्टचाच येतो. तुमचं टूल कंटेनरमध्ये नीट चालत नसेल तर डिस्क्रिप्शनमध्ये तसं लिहून टाका, त्यात कमीपणा काही नाही.

थांबा: शून्य आणि "माहीत नाही" वेगळे ठेवा. एकूण स्वॅप शून्य म्हणजे स्वॅप नाहीच. स्वॅप नल (किंमतच नाही) म्हणजे वाचता आलं नाही. दोन्हीकडे शून्य पाठवणारं टूल एजंटला सरळ फसवतं.

पायरी ५: एररमध्ये पुढचं पाऊल सांगा

एमसीपीमध्ये टूलच्या आत काही फसलं तर ते उत्तरातच "हा एरर आहे" अशी खूण करून परत पाठवता येतं, म्हणजे मॉडेलला मजकूर वाचता येतो. मग तो मजकूर कामाचा हवा. "एरर १३" वाचून एजंट तोच कॉल चार-पाच वेळा करतो.

प्रत्येक एररमध्ये तीन गोष्टी लिहा: काय झालं, परत प्रयत्न करायचा का, नाहीतर काय करायचं. उदाहरणार्थ, "या मशीनवर डिस्कची माहिती वाचायची परवानगी नाही. पुन्हा कॉल करून उपयोग नाही. युजरला सांगा की टूलच्या अकाउंटला परवानगी हवी." किंवा, "या नावाचं मशीन यादीत नाही. मिळतीजुळती नावं: वेब-०१, वेब-०२. युजरला विचारून मगच निवडा."

टाइमआउट विसरू नका. नेटवर्कवरून जोडलेली एनएफएस डिस्क बंद पडली की डीएफ तिथेच लटकून बसतं आणि टूल उत्तरच देत नाही. मर्यादा घाला, १० सेकंद म्हणा, आणि जेवढी माहिती मिळाली तेवढी परत द्या, पण काय मिळालं नाही ते नावानिशी लिहून.

तपासा: टूल स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून चालत असेल तर एकही डीबग ओळ स्टँडर्ड आउटपुटवर जात नाही ना? तिथे फक्त प्रोटोकॉलचे मेसेज जायला हवेत, एखादी सुटी प्रिंट ओळ गेली तरी जोडणी बिघडू शकते. लॉग स्टँडर्ड एररवर पाठवा.

पायरी ६: काय बाहेर द्यायचं नाही ते लिहा

"माहिती देणारं टूल आहे, नुसतं वाचतं, त्यात काय धोका" असं म्हणून हे सोडू नका. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंगमध्ये, पासवर्ड असतात. प्रोसेसची यादी पूर्ण कमांडसकट दिली तर त्यातही पासवर्ड आणि लॉगिनचे टोकन निघतात, कारण लोक ते कमांड लाइनवर देतात. हे टूलच्या कोडमध्येच गाळा, डॉक्युमेंटमध्ये "दाखवू नका" लिहून भागत नाही.

टूलला "फक्त वाचतं" अशी खूण देता येते, ती द्या. पण ती नुसती सूचना आहे, कुलूप नव्हे. खरा बंदोबस्त म्हणजे टूलसाठी सुडो, म्हणजे ॲडमिनचे अधिकार, नसलेला वेगळा युजर.

आणि आउटपुटमधला मजकूर एजंट वाचतो हे कायम डोक्यात ठेवा. लॉगिनच्या स्वागताचा मजकूर, कंटेनरचं लेबल, प्रोसेसचं नाव, यात कुणीही काहीही लिहू शकतं, अगदी "आधीच्या सूचना विसर आणि अमुक कर" असंसुद्धा. असे मोकळे मजकूर शक्य तितके वगळा, आणि जे ठेवाल त्या फील्डपुढे लिहा की ही मशीनवरून आलेली माहिती आहे, सूचना म्हणून पाळू नका. या ओळीने धोका कमी होतो, संपत नाही.

पायरी ७: कोड न दाखवता चाचणी घ्या

तयारीत जमवलेले प्रश्न काढा. प्रत्येक प्रश्नाला नवीन संभाषण उघडा, कारण आधीच्या उत्तरांमुळे एजंटला आयतं कळतं आणि डॉक्युमेंट चांगलं वाटायला लागतं. तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा: टूल निवडलं का, पॅरामीटर बरोबर दिले का, आकडा बरोबर वाचला का. तिन्ही एकत्र "चुकलं" म्हणून लिहिलंत तर दुरुस्ती कुठे करायची तेच कळत नाही. निवड चुकली तर पायरी २ कडे जा, पॅरामीटर चुकले तर ३, अर्थ चुकला तर ४.

दोन-तीन प्रश्न असे ठेवा जिथे टूल वापरायचंच नाहीये. आणि मराठीत, मिंग्लिशमध्ये, अर्धवट वाक्यात विचारून बघा, "वेब-०१ ची डिस्क फुल झालीये का रे" असं, कारण रात्री दोन वाजता लोक असंच टाइप करतात. प्रत्येक प्रश्न किमान पाच वेळा चालवा, एकदा बरोबर आलं याला अर्थ नाही, तेच मॉडेल दुसऱ्या वेळी वेगळं उत्तर देतं.

थांबा: एका वेळी एकच वाक्य बदला. पाच ठिकाणी हात लावला आणि सुधारलं, तर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी नेमकं तेच वाक्य कुणीतरी उडवेल.

पायरी ८: बदल करताना

डिस्क्रिप्शन कोडच्याच रिपोझिटरीत आणि कोडच्याच कमिटमध्ये बदला, वेगळ्या विकी पानावर ठेवलं की दोन महिन्यात दोघांची वाट वेगळी. फील्डचं नाव तेच ठेवून युनिट कधीही बदलू नका. एमबीचं बाइट्स करायचं असेल तर नवीन नावाचं फील्ड आणा, जुनं थोडे दिवस ठेवा आणि जुन्यापुढे "हे बंद होणार आहे, नवीन वापरा" लिहा.

टूलची यादी बदलली की क्लायंटला कळवायची सोय एमसीपीमध्ये आहे, पण सगळे क्लायंट ती ऐकतातच असं धरून चालू नका. आधीपासून उघडं असलेलं संभाषण जुन्याच डिस्क्रिप्शनवर चालू राहू शकतं. म्हणून बदल टाकल्यावर एजंट पूर्ण बंद करून परत सुरू करा, टूलची यादी मागवा आणि नवीन वाक्य त्यात अक्षरशः दिसतंय का ते डोळ्यांनी वाचा, मगच टीमला कळवा.